७७ विरुद्ध ५४ : सुप्यातली टीम हॉफस्टीडच्या आकड्यांत बसते का?

सिनॉप्सिसच्या विषयात ‘संस्कृती’ हा शब्द आला, की कोणीतरी हमखास सांगतं, “हॉफस्टीड वाच.” मीही वाचला. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा अर्धा डोलारा त्याच्यावरच उभा होता, त्यामुळे ही तक्रार थोडी माझ्यावरही आहे.

गेर्ट हॉफस्टीड हा डच संशोधक. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या सुमारे १ लाख १६ हजार प्रश्नावलींवरून त्याने देशांना गुण दिले आणि १९८० मध्ये ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ हे पुस्तक काढलं. सत्ता-अंतर, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांमधली दरी लोक किती गृहीत धरतात, यात भारत ७७, जपान ५४.

आता हे आकडे घेऊन सुप्याला या. पारनेर तालुक्यातलं, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचं गाव. इथल्या एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा आहे. समजा, नवी लाईन सुरू झाली. एक जपानी इंजिनिअर, पुण्याचा मॅनेजर, पारनेरचा आयटीआय झालेला मुलगा आणि ठेकेदारामार्फत आलेले बिहारचे चौघे. इंजिनिअर विचारतो, काही अडचण? उत्तर येतं, “नाही सर, होऊन जाईल.” तासाभरात मशीन बंद. हातात हॉफस्टीड असला की निष्कर्ष तयारच असतो : ७७! भारतीय माणूस साहेबापुढे बोलत नाही.

पण थांबा. माझा मावसभाऊ अशाच एका लाईनवर होता. कॉन्ट्रॅक्टवर होता तोवर गप्प. पर्मनंट झाल्यावर सेन्सर खराब आहे हे तोंडावर सांगायचा. देश तोच, तालुका तोच, माणूसही तोच. ७७ दोन्ही वेळा ७७च. जो आकडा हललाच नाही, तो हा फरक कसा समजावणार? इतकी साधी गोष्ट मला, विज्ञानाच्या विद्यार्थ्याला, दोन वर्षं दिसली नाही.

ब्रेंडन मॅकस्वीनीने २००२ मध्ये सॅम्पलवरच बोट ठेवलं : दोन्ही फेऱ्यांत हजारावर उत्तरं फक्त सहा देशांतून आली होती, आणि पाकिस्तानातून पहिल्या फेरीत अवघी ३७. बरं, देशाचा गुण एकेका माणसाला लावू नका, हे खुद्द हॉफस्टीडनेच बजावलंय. आपण ते पान उलटून पुढे जातो.

म्हणजे फरक नसतातच का? असतात की. जपानी कामात ‘होरेन्सो’ असतं : कळवणं, माहिती देणं, सल्ला घेणं. अडचण अर्धवट कळली तरी लगेच सांगायची. आपल्याकडे आधी स्वतः खटपट करून मगच साहेबांकडे जाणारा शहाणा ठरतो. तेव्हा ते “होऊन जाईल” भीतीचं असेल, तसंच जबाबदारीचंही असू शकेल. प्रश्नावलीत दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणून तुमचा विषय असा असेल, तर एकाच लाईनवरचे, एकाच भागातले पर्मनंट आणि कॉन्ट्रॅक्ट कामगार शेजारी ठेवून बघा. अडचण दिसल्यापासून ती वर कळेपर्यंत किती मिनिटं गेली, ते मोजा. दुभाषा कोण होता, हेही टिपा. तो मॅनेजरच असेल, तर त्याच्यासमोर मॅनेजरची तक्रार कोण करणार?