शीतसंचय आणि हृत्स्नायुपेशी : एका कसोटीची चिकित्सा

दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय बर्फाने वेढलेल्या पेटीत सुमारे चार तास ठेवावे. त्यापलीकडे धोका वाढत जातो, हा शल्यचिकित्सकांचा संकेत आहे. 1960 साली लोअर आणि शमवे यांनी स्टॅनफर्ड येथे श्वानांवर हृदयप्रत्यारोपण केले, तेव्हाही काढलेले हृदय थंड क्षारद्रावणातच ठेवले होते. तेव्हापासून अनेक द्रावणे निघाली. परंतु केवळ थंड ठेवण्याच्या पद्धतीत ही कालमर्यादा फारशी पुढे सरकलेली नाही. याचे एक कारण द्रावणांच्या घटकांत नसून ती ज्या कसोटीवर पारखली जातात तिच्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम शीताचे कार्य पाहू. तापमान दर 10 अंशांनी उतरले की चयापचयाचा वेग निम्मा होतो असे धरले, तर 37 अंशांवरून 4 अंशांवर येताना तो सुमारे एक-दशांश उरतो. एक-दशांश म्हणजे शून्य नव्हे. प्राणवायूवाचून एटीपीचा साठा झिजत राहतो, लॅक्टिक अम्ल साचते. सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा मंदावल्यामुळे सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरते आणि पेशी फुगते. विस्कॉन्सिन द्रावणातील लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज ही फुगवट आवरतात. ब्रेटश्नायडरच्या द्रावणातील हिस्टिडीन अम्लता सावरते. या योजनांचे मोल नाकारण्याचे कारण नाही.

तथापि पेशीची खरी परीक्षा पुढेच असते. रक्तपुरवठ्यावाचून हृदयात सक्सिनेट साचते आणि प्राणवायू परत मिळताच त्याचे झपाट्याने ज्वलन होऊन तंतुकणिकांत घातक ऑक्सिजन-मूलके निर्माण होतात, असे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. त्यात कॅल्शियमचा अतिरेक झाला, की तंतुकणिकांच्या आवरणातील छिद्रे उघडून पेशी मरते. म्हणून थंडीतून बाहेर काढताक्षणी जिवंत पेशी मोजून द्रावणाची श्रेष्ठता ठरविणे, म्हणजे परीक्षेपूर्वीच निकाल लावणे होय.

दुसरा दोष पेशींच्या निवडीचा. एच-नाइन-सी-टू ही बहुप्रचलित पेशीमालिका उंदराच्या गर्भहृदयापासून मिळविलेली असून ती स्पंदन पावत नाही. नवजात उंदराच्या पेशी स्पंदन पावतात खऱ्या, परंतु प्राणवायूचा अभाव त्या प्रौढ पेशींपेक्षा अधिक सोसतात. प्रौढ हृदय बव्हंशी मेदाम्लांच्या ज्वलनावर जगते. अशा पेशींवरील यश दिशादर्शक मानावे. निर्णायक मानू नये.

या दृष्टीने 2024 साली प्रसिद्ध झालेली युरोपातील 8 देशांतील चाचणी उद्बोधक आहे. तीत एका गटाची हृदये नेहमीप्रमाणे बर्फात ठेविली, तर दुसऱ्या गटाच्या हृदयांतून सुमारे 8 अंशांचे प्राणवायुयुक्त द्रावण यंत्राने खेळविले. मृत्यू, प्रत्यारोपित हृदयाची दुर्बलता, तीव्र अस्वीकार इत्यादी संयुक्त अनिष्ट घटना 30 दिवसांत यंत्रगटात 19 टक्के, तर बर्फगटात 30 टक्के आढळल्या. हा फरक सांख्यिकीय सार्थतेच्या उंबरठ्याशीच थांबला (पी = 0.059), हे लपवू नये. तसेच दोन्ही गटांत द्रावणही भिन्न होते. तेव्हा सारे श्रेय प्राणवायूला देता येणार नाही. परंतु कसोटी मात्र योग्य जागी लावली होती : हृदय पुन्हा कामास लागल्यानंतर.

आपल्या प्रयोगशाळांतून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे पथ्य पाळावे. शीतसंचय संपला म्हणजे प्रयोगाचा पूर्वार्ध संपला. पेशी उबदार कराव्यात, प्राणवायू द्यावा, त्यानंतर त्यांचे आकुंचन, एटीपी आणि कॅल्शियमचे संतुलन मोजावे. केवळ जगलेली पेशी आणि काम करणारी पेशी यांत अंतर आहे, आणि प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णाचे आयुष्य त्या अंतरावरच अवलंबून असते.