परजातीय अवयवरोपण आणि जनुकसंक्रमण : एका पद्धतीची चिकित्सा

सामान्य डुकराचा अवयव मनुष्यदेहात रोपला असता तो काही मिनिटांत वा तासांत काळवंडून निकामी होतो. त्याच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर ‘अल्फा-गॅल’ ही शर्करा असते. मनुष्याच्या ठायी ती नसते. मात्र तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये त्याच्या रक्तात आधीपासूनच असतात. ती शर्करेस चिकटताच पूरक प्रथिनांची मालिका जागृत होते आणि अवयवातील रक्त गोठते.

ह्यावर दोन मार्ग योजिले गेले. १९९२ साली केंब्रिज येथील संशोधकांनी पूरक प्रथिनांना आवर घालणारे मानवी जनुक डुकरात संक्रमित केले. पुढे दशकभराने ती शर्करा घडविणारे जनुकच निकामी केलेली डुकरे निपजविण्यात आली. पहिला मार्ग हल्ल्याचा जोर मोडतो. दुसरा हल्ल्याचे निमित्तच नाहीसे करतो. हा भेद तात्त्विक आहे. ‘डुकराचे मानवीकरण’ ह्या लोकप्रिय शब्दप्रयोगात तो लोपतो.

जानेवारी २०२२ मध्ये मेरीलंड विद्यापीठात रुग्णाच्या छातीत बसविलेल्या हृदयात दोन्ही मार्गांचा संगम होता. शर्करांची तीन जनुके आणि अवयवाच्या अतिवाढीस कारण होणारे एक जनुक बंद केले होते; पूरकक्रिया, रक्ताचे गोठणे आणि दाह ह्यांना आवरणारी सहा मानवी जनुके घातली होती. हृदय तत्काळ नाकारले गेले नाही, हे यश निर्विवाद होय. तथापि रुग्ण सुमारे दोन महिनेच जगला, आणि अवयवात डुकराचा सायटोमेगॅलो विषाणू आढळला. जनुकांची निवड अचूक असली, तरी दात्या प्राण्याची निर्जंतुकता तिने सिद्ध होत नाही.

ह्याहून मूलगामी आक्षेप पद्धतीविषयी आहे. दहा बदल एकदम केल्यावर यशाचे वा अपयशाचे श्रेय नेमके कोणास द्यावे? बबून माकडांवरील प्रयोग येथे पुरेसा आधार देत नाहीत. तिसरी शर्करा मनुष्यात नसली तरी बबूनमध्ये असते. ती काढलेल्या पेशींविरुद्ध बबूनच्याच रक्तात प्रतिद्रव्ये आढळतात. म्हणजे मनुष्यास अनुकूल केलेला अवयव परीक्षक प्राण्यास प्रतिकूल ठरतो, आणि अखेरची कसोटी रुग्णाच्याच देहावर येऊन पडते.

म्हणून जनुकांची संख्या हे प्रगतीचे माप मानणे अशास्त्रीय होय. प्रत्येक जनुकाचे कार्य स्वतंत्रपणे पारखले गेले, तरच पुढील रुग्णाने पत्करलेल्या धोक्यास ज्ञानाचे मोल प्राप्त होईल.