पूर्वसुरींचे ऋण आणि पहिली ध्वनिमुद्रिका : पोलिश जॅझमधील तीन पदार्पणांचा चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : पोलिश जॅझ, पदार्पण, ध्वनिमुद्रिका, परंपरा, ऋण, स्वत्व

प्रस्तावना

कलावंताची पहिली कृती ही त्याच्या स्वत्वाची पहिली खूण मानली जाते. कवीचा पहिला संग्रह असो वा चित्रकाराचे पहिले प्रदर्शन, समीक्षक त्याकडे ‘यात नवे काय आहे?’ हा प्रश्न घेऊनच जातो. पोलंडमधील जॅझ संगीताच्या संदर्भात मात्र हा प्रश्न थोड्या वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. तेथील तीन पिढ्यांच्या तीन महत्त्वाच्या पदार्पणांमध्ये तरुण वादकांनी स्वतःच्या नावाबरोबरच एका पूर्वसुरीचे नाव उच्चारले आहे आणि तिन्ही वेळा ते नाव एकच आहे : क्शिश्तोफ कोमेडा. तोमाश स्तान्को यांच्या पंचकाची ‘म्युझिक फॉर के’ (१९७०), सिंपल अकूस्टिक ट्रिओची ‘कोमेडा’ (१९९५) आणि व्रोत्स्वाव येथील ई.ए.बी.एस. या वादकसमूहाची ‘रिपिटिशन्स : लेटर्स टू क्शिश्तोफ कोमेडा’ (२०१७) या त्या तीन ध्वनिमुद्रिका होत.

पहिल्या आणि तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेमध्ये ४७ वर्षांचे अंतर आहे. या काळात पोलंडमधील राज्यव्यवस्था बदलली, ध्वनिमुद्रणाचे तंत्र बदलले, श्रोताही बदलला. तरीही पदार्पणाचा संकेत टिकून राहिला. पूर्वसुरीला वाहिलेली पहिली ध्वनिमुद्रिका खऱ्या अर्थाने ‘पहिली’ असते काय, की तो एका सर्वमान्य नावाचा सुरक्षित आसरा असतो, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टालिनवादी राजवटीच्या वर्षांत पोलंडमध्ये जॅझ हे परक्या भांडवलशाही संस्कृतीचे लक्षण मानले गेले. ते खाजगी घरांतून, मित्रमंडळींच्या बैठकांतून वाजत राहिले. म्हणूनच त्या कालखंडाला तेथील इतिहासकार ‘भुयारांचा काळ’ म्हणतात. १९५३ मध्ये स्टालिनच्या मृत्यूनंतर बंधने सैल होत गेली आणि ऑगस्ट १९५६ मध्ये सोपोत या समुद्रकाठच्या शहरात जॅझचा पहिला मोठा जाहीर महोत्सव झाला. कोमेडा यांचे षटक तेथेच प्रथम मोठ्या श्रोतृवर्गासमोर आले.

कोमेडा यांचे मूळ नाव क्शिश्तोफ त्शचिन्स्की. ते १९३१ साली पोझनान येथे जन्मले आणि व्यवसायाने कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. ‘कोमेडा’ हे त्यांनी संगीतासाठी घेतलेले नाव. डॉक्टरी पेशातील व्यक्तीने जॅझ वाजविणे प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते, त्या काळाची ही खूण होय. पुढे रोमान पोलान्स्की यांच्या ‘नाइफ इन द वॉटर’ (१९६२) आणि ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८) या चित्रपटांच्या संगीतामुळे त्यांचे नाव देशाबाहेर गेले. डिसेंबर १९६५ मध्ये वॉर्सा येथील फिलहार्मोनिकच्या सभागृहात ध्वनिमुद्रित झालेली ‘अॅस्टिग्मॅटिक’ ही त्यांची सर्वश्रेष्ठ जॅझ ध्वनिमुद्रिका मानली जाते. तीत केवळ तीन दीर्घ रचना आहेत. पियानोवर स्वतः कोमेडा, ट्रम्पेटवर स्तान्को, अल्टो सॅक्सोफोनवर झबिग्न्येव नामिस्वोव्स्की, बेसवर जर्मन वादक ग्युंटर लेंझ आणि ड्रमवर स्वीडिश वादक रूने कार्लसन अशी ही योजना होती. २३ एप्रिल १९६९ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, कोमेडा यांचे निधन झाले.

‘अॅस्टिग्मॅटिक’ ही ‘पोलिश जॅझ’ या मालिकेतील पाचवी ध्वनिमुद्रिका. पोल्स्किए नाग्रान्या या सरकारी कंपनीने १९६५ ते १९८९ या काळात या मालिकेत ७६ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या. २०१६ मध्ये ही मालिका नव्या मालकीखाली पुन्हा सुरू झाली. सरकारी व्यवस्थेत स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका लाभणे ही वादकाच्या वाटचालीची सुरुवात नसून त्या वाटचालीला मिळालेली मान्यता असे. रंगमंच आधी आणि तबकडी नंतर, हा क्रम लक्षात घेतल्याखेरीज त्या काळातील पदार्पणाचा अर्थ लागत नाही.

‘म्युझिक फॉर के’ : नाव गुरूचे, रचना स्वतःच्या

स्तान्को यांचा जन्म १९४२ चा. १९६२ पासून ते ‘जॅझ डॅरिंग्ज’ या समूहात मुक्त जॅझच्या वाटेने जात होते आणि १९६३ पासून कोमेडा यांच्या पंचकात होते. स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका येईपर्यंत त्यांच्या पाठीशी आठ वर्षांचा अनुभव जमा झाला होता.

शीर्षकातील ‘के’ म्हणजे कोमेडा, हे कोणत्याही पोलिश श्रोत्याला सांगावे लागले नाही. परंतु या ध्वनिमुद्रिकेत कोमेडा यांची एकही रचना नाही. सर्व रचना स्तान्को यांच्या आहेत. त्याहून लक्षणीय बाब म्हणजे या पंचकात पियानो नाही. ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन (झबिग्न्येव सायफर्ट व यानुश मुन्याक), बेस (ब्रोनिस्वाव सुहानेक) आणि ड्रम (यानुश स्तेफान्स्की) एवढीच वाद्ये आहेत. एका पियानोवादकाला वाहिलेल्या आदरांजलीत पियानोच नसावा, ही गोष्ट सहज शोकचिन्ह म्हणून वाचली जाऊ शकते.

असे वाचन मोहक असले तरी अपुरे आहे. हे पंचक १९६८ मध्ये, म्हणजे कोमेडा यांच्या निधनापूर्वीच आकाराला आले होते आणि पियानोविना वाजविण्याची कल्पना ऑर्नेट कोलमन यांच्या मार्गाशी नाते सांगणारी होती. तेव्हा पियानोचा अभाव हा शोकातून जन्मलेला नाही. महत्त्व आहे ते पुढच्या निर्णयाला. निधनानंतर आदरांजली वाहताना स्तान्को यांना एखादा पियानोवादक बोलावता आला असता, गुरूची एखादी लोकप्रिय धून घेता आली असती. श्रोत्यांनी तिचे स्वागतच केले असते. त्यांनी दोन्ही टाळले. गुरूकडून जे शिकले त्याचा पुरावा गुरूच्या सुरावटी पुन्हा वाजवून नव्हे, तर स्वतःच्या रचनेतील मोकळ्या जागा, संथ उलगडणारी धून आणि तिच्यावर अचानक कोसळणारा सामूहिक आवाज यांतून दिला गेला.

कोमेडा यांच्या रचनांनाच वाहिलेली स्तान्को यांची ‘लिटानिया’ ही ध्वनिमुद्रिका ई.सी.एम. या संस्थेकडून १९९७ मध्ये आली. पदार्पण आणि ‘लिटानिया’ यांच्यात २७ वर्षे आहेत. आधी स्वतःचा आवाज आणि मग गुरूची सुरावट, हा क्रम बोलका आहे. मराठी वाचकाला स्तान्को यांचे आणखी एक काम जवळचे वाटेल. १९८० मध्ये त्यांनी ताजमहाल आणि लोणावळ्याजवळील कार्ले लेणी येथे केवळ ट्रम्पेट घेऊन ध्वनिमुद्रण केले. तेथे साथीला होता तो फक्त दगडी वास्तूतून परतणारा नाद. पदार्पणात दिसलेला रिकाम्या जागेवरील विश्वास तेथे टोकाला पोहोचला आहे.

‘कोमेडा’ : आदर आणि संकोच

सिंपल अकूस्टिक ट्रिओची परिस्थिती सर्वस्वी निराळी होती. पियानोवादक मार्चिन वासिलेव्स्की आणि बेसवादक स्वावोमिर कुर्किएविच हे दोघेही १९७५ साली जन्मलेले. कोशालिन येथील संगीत विद्यालयात त्यांची जोडी जमली. ड्रमवादक मिहाउ मिश्किएविच १९९३ मध्ये त्यांना येऊन मिळाले. १९८९ नंतर सरकारी मक्तेदारी संपली होती आणि गोवी या छोट्या खाजगी कंपनीने १९९५ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळी तिघेही विशीच्या आसपास होते. तबकडी आता वाटचालीच्या सुरुवातीलाच येऊ लागली होती.

या तिघांनी स्तान्को यांच्या नेमका उलटा मार्ग निवडला. रचना कोमेडा यांच्या, केंद्रस्थानी पियानो आणि शीर्षकही सरळ ‘कोमेडा’. ‘अॅस्टिग्मॅटिक’मधील सुरावटी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या परस्परांना छेदणाऱ्या आवाजांसाठी बांधलेल्या आहेत, त्यांतील बराचसा ताण त्या दोन आवाजांच्या घर्षणातून येतो. अशा संगीतकाराच्या धुनी तीन वाद्यांच्या मेळात आणल्या की घर्षण कमी होते आणि गीतात्मता वर येते. ‘रोझमेरीज बेबी’मधील अंगाईगीत या ट्रिओच्या हाती ज्या कोमलतेने येते, ती विशीतील वादकांच्या दृष्टीने थक्क करणारी आहे.

परंतु समीक्षकाने कौतुकापाशी थांबू नये. चित्रपटातील ते अंगाईगीत भीतीच्या छायेत उभे आहे. त्यातील निरागसता संशयास्पद आहे. ट्रिओच्या वादनात सौंदर्य टिकते, संशय मात्र विरळ होतो. कोमेडा येथे पूजनीय होतात, अस्वस्थ करणारे राहत नाहीत. या पदार्पणात स्वर कमावलेला आहे, परंतु मत अद्याप बनायचे आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही. ते मत पुढे बनले. स्तान्को यांच्याबरोबर ‘सोल ऑफ थिंग्ज’ (२००२) पासून केलेल्या कामानंतर २००५ मध्ये ई.सी.एम.ने काढलेल्या ‘ट्रिओ’ या ध्वनिमुद्रिकेत शिमानोव्स्की यांची रचना आणि ब्योर्क या गायिकेचे गीत शेजारी-शेजारी येतात. निवडीतील हे स्वातंत्र्य पहिल्या ध्वनिमुद्रिकेत नव्हते. मात्र त्यासाठी लागणारा परस्परांचा श्वास ओळखण्याचा सराव तेथेच झाला होता.

‘रिपिटिशन्स’ : तुकडा आणि आवर्तन

ई.ए.बी.एस. हे नाव ‘इलेक्ट्रो-अकूस्टिक बीट सेशन्स’ या शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. ज्या संस्थेने ही ध्वनिमुद्रिका काढली तिचे नावही ‘अॅस्टिग्मॅटिक रेकॉर्ड्स’ असेच आहे. मारेक पेंजिव्यात्र आणि त्यांचे सहकारी ज्या पिढीचे आहेत, तिने जॅझ जितके वर्गात ऐकले तितकेच हिप-हॉपच्या तबकड्यांतून ऐकले. जुन्या ध्वनिमुद्रणातील चार मात्रांचा तुकडा उचलून त्याचे आवर्तन करावे, ही हिप-हॉपची रीत. ई.ए.बी.एस.ने ती यंत्राऐवजी प्रत्यक्ष वादनात आणली आणि त्यासाठी कोमेडा यांच्या कमी वाजविल्या जाणाऱ्या चित्रपटसंगीताकडे मोर्चा वळविला.

येथे पूर्वसुरीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. स्तान्को यांच्यासाठी कोमेडा प्रत्यक्ष सहवासातील व्यक्ती होते आणि सिंपल अकूस्टिक ट्रिओसाठी रचनाकार. ई.ए.बी.एस.साठी ते एक दफ्तर आहेत, ज्यातून कागद काढून त्यावर उत्तर लिहिता येते. शीर्षकातील ‘पत्रे’ हा शब्द म्हणूनच यथार्थ ठरतो. पत्र लिहिणारा स्वतःच्या काळाच्या भाषेत लिहितो.

या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. कोमेडा यांच्या संगीतात काळ लवचीक असतो. लय थांबते, सैलावते, पुन्हा गोळा होते. आवर्तनाच्या ठाम ठोक्यावर ती लवचीकता काही ठिकाणी हरवते आणि धून सजावटीच्या पातळीवर उतरते. तरीही दुर्लक्षित तुकड्यांकडे लक्ष वेधून त्यांनी कोमेडा यांची प्रस्थापित प्रतिमा विस्तारली, हे या पदार्पणाचे खरे श्रेय होय.

परंपरा, संस्था आणि तरुण वादक

या तीन उदाहरणांवरून मराठी वाचकाला घराण्याची कल्पना आठवणे स्वाभाविक आहे. पण ती येथे नीट बसत नाही. घराण्यात शिक्षण प्रत्यक्ष तालमीतून उतरते. नंतरच्या दोन समूहांतील वादकांना कोमेडा भेटले ते ध्वनिमुद्रणातूनच. १९६८ मध्ये काटोवित्से येथील उच्च संगीत विद्यालयात जॅझ विभाग सुरू झाल्यापासून पोलंडमध्ये जॅझ हा पदवीचा विषय झाला. त्यानंतर संगीत आणि नृत्य संस्थेने तरुण वादकांच्या पहिल्या जॅझ ध्वनिमुद्रिकेसाठी स्वतंत्र अर्थसाहाय्य योजनाही चालविली. अशा व्यवस्थेत पदार्पण सुलभ होते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु अर्ज, परीक्षक आणि निवड आली की ओळखीच्या नावाचे वजन वाढण्याचा धोकाही येतो. आदरांजली ही शिफारसपत्र होऊ शकते.

यावर उपाय पूर्वसुरी टाकून देण्यात नाही. प्योत्र ओझेहोव्स्की या पियानोवादकाने २०१२ मध्ये ‘एक्सपेरिमेंट : पेंडेरेत्स्की’ या पहिल्या एकल ध्वनिमुद्रिकेसाठी जॅझबाहेरील आणि तेव्हा हयात असलेल्या संगीतकाराची निवड केली. हा संबंध कृत्रिम नव्हता. पेंडेरेत्स्की यांनी १९७१ मध्ये मुक्त जॅझ वाद्यवृंदासाठी ‘अॅक्शन्स’ ही रचना केली होती आणि तिच्या सादरीकरणात स्तान्को यांचा सहभाग होता. वाद्यवृंदाच्या आवाजासाठी लिहिलेले संगीत एकट्या पियानोवर आणताना वादकाला पदोपदी निर्णय घ्यावे लागतात. तेथे नावाचा आसरा मिळत नाही, जबाबदारी मात्र वाढते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, पदार्पणाचे मोल ते कोणाला अर्पण केले यावर ठरत नाही. अर्पण करताना वादकाने काय नाकारले यावर ठरते. स्तान्को यांनी परिचित सुरावट नाकारली, ई.ए.बी.एस.ने परिचित कोमेडा नाकारला. सिंपल अकूस्टिक ट्रिओने त्या टप्प्यावर फारसे काही नाकारले नाही. दुसरी, या तिसऱ्या मार्गालाही निष्फळ म्हणता येत नाही. नम्रतेने केलेल्या पदार्पणातून दहा वर्षांनी स्वतंत्र वाणी निर्माण झाली, याला इतिहास साक्षी आहे. तिसरी, पदार्पण जितके लवकर होऊ लागले तितके ते अपूर्ण असण्याचा संभव वाढला. म्हणून आजच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला १९७० च्या मोजपट्टीने मोजणे योग्य नव्हे.

ऋण मान्य करणे आणि ऋणाखाली दबून जाणे या दोन भिन्न अवस्था आहेत. पोलिश जॅझमधील तरुण वादकांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका ऐकताना समीक्षकाने शोधावयाचा तो हा भेद होय. आणि तो मुखपृष्ठावरील नावात सापडत नाही, वादनातच सापडतो.