‘आशियाई मुडदूस’ : एका संज्ञेची चिकित्सा

रोगांना देशांची व लोकांची नावे देण्याची प्रथा जुनी आहे. मुडदूस या रोगाच्या वाट्याला अशी दोन नावे आली. फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने 1650 साली या रोगावर ग्रंथ लिहिला आणि पुढे जर्मन भाषेत तो ‘इंग्रजी रोग’ या नावानेच ओळखला जाऊ लागला. त्यानंतर तीन शतकांनी, खुद्द ब्रिटनमधील वैद्यकीय लेखनात, त्याच रोगाला ‘आशियाई’ हे विशेषण लागले. पहिले नाव शेजाऱ्यांनी दिलेले असल्याने त्याची गणना थट्टेत करता येईल. दुसरे मात्र शास्त्राने दिलेले आहे आणि शास्त्राने दिलेल्या नावावर पुढे धोरणे उभी राहतात. म्हणून त्याची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकानेही करावयास हवी.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. धुराने झाकोळलेल्या औद्योगिक शहरांतील गरिबांच्या मुलांमध्ये मुडदूस सर्रास आढळत असे. 1919 साली बर्लिन येथे हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांनी तो बरा होतो हे दाखविले. त्याच सुमारास एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून आहाराचा संबंध सिद्ध केला आणि 1922 मध्ये मॅकॉलम यांनी ‘ड’ जीवनसत्त्वाला त्याचे नाव दिले. मेलनबी यांच्या प्रयोगांत मुडदूस वाढविणारे म्हणून जे धान्य ठळकपणे पुढे आले, ते ओट होय. म्हणजे स्कॉटिश माणसाचे नित्याचे अन्न. तरीही ब्रिटिश शासनाने जो मुख्य उपाय योजिला, तो लोकांचे धान्य बदलण्याचा नव्हता. मुलांना कॉड माशाचे तेल मिळू लागले आणि 1940 पासून मार्गारीनमध्ये ‘ड’ जीवनसत्त्व मिसळणे सक्तीचे झाले. रोग गरिबीचा मानला गेला व औषध सर्वांच्या ताटात घातले गेले. त्या मुडदुसाला कोणी ‘स्कॉटिश मुडदूस’ म्हटले नाही.

1962 मध्ये डनिगन व त्यांचे सहकारी यांनी ग्लासगो येथील पाकिस्तानी वस्तीतील उशिरा उद्भवणारा मुडदूस व प्रौढांतील अस्थिमार्दव यांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. हा निबंध महत्त्वाचा आहे, कारण संपला असे मानलेला रोग एका विशिष्ट वस्तीत टिकून आहे, ही गोष्ट त्याने उघड केली. पुढील दहा वर्षांत कारणांचा शोध चालला. 1972 साली दोन निरनिराळ्या गटांनी आपली दृष्टी चपातीकडे वळविली. जाड्या पिठातील फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते, असा तर्क होता, आणि चपाती वगळलेल्या आहाराने रुग्णांच्या रक्तातील लक्षणे सुधारतात, असे निरीक्षणही नोंदविले गेले. तर्क निराधार नव्हता. पण तो ओटविषयीच्या जुन्या तर्काचाच भाऊबंद होता. फरक पडला तो नावात. या खेपेस रोगाला धान्य खाणाऱ्यांचे नाव मिळाले.

‘आशियाई’ ही संज्ञा येथे तीन प्रकारे घोटाळा करते. पहिला घोटाळा व्याप्तीचा. ब्रिटनमध्ये या शब्दाखाली पंजाबी, गुजराती, सिल्हेटी बंगाली, तसेच पूर्व आफ्रिकेतून आलेली कुटुंबे अशी सर्व मंडळी कोंबली जातात. सिल्हेटी माणूस भात खातो. अनेक गुजराती हिंदू मांसाहार करीत नाहीत. पाकिस्तानी मुसलमान बहुधा करतात. पुढील संशोधनात मांसाहाराचे प्रमाण हा महत्त्वाचा घटक ठरला, हे लक्षात घेता ज्या शब्दाने हाच भेद पुसला जातो, त्या शब्दाची शास्त्रीय किंमत किती उरते?

दुसरा घोटाळा कार्यकारणाचा. विशेषण हे व्याकरणदृष्ट्या नामाची ओळख पटविते. ते कारण सांगत नाही. ‘पावसाळी ताप’ म्हटल्याने पाऊस हे तापाचे कारण ठरत नाही. परंतु ‘आशियाई मुडदूस’ हा शब्दप्रयोग वारंवार वाचणाऱ्याच्या मनात विशेषणाचे हळूहळू कारणात रूपांतर होते. उत्तरेकडील अंधूक ऊन, घराबाहेर न पडणारे स्त्रियांचे जीवन, मार्गारीनऐवजी वापरले जाणारे तूप व लोणी, ज्यांत जीवनसत्त्व मिसळण्याची सक्ती नव्हती, या साऱ्या वेगवेगळ्या गोष्टी एका शब्दात विरघळून जातात.

तिसरा घोटाळा उपायाचा, आणि तोच सर्वांत घातक होय. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चपातीच्या पिठात ‘ड’ जीवनसत्त्व मिसळल्याने कुटुंबांतील माणसांच्या रक्तात त्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले होते. म्हणजे मार्गारीनचीच वाट पुन्हा मोकळी होती. 1980 च्या सरकारी तज्ज्ञ-अहवालाने मात्र पिठाच्या या उपायाची शिफारस केली नाही. 1981 मध्ये ‘मुडदूस थांबवा’ ही मोहीम निघाली. तिचा भर मुख्यतः आरोग्यशिक्षणावर, म्हणजे लोकांनी आपल्या सवयी बदलाव्यात यावर होता. ग्लासगो शहराने 1979 पासून मुलांना जीवनसत्त्वाचे थेंब मोफत देण्याचा साधा मार्ग धरला आणि 1985 साली डनिगन व सहकाऱ्यांनी त्या मोहिमेचे जे मूल्यमापन प्रसिद्ध केले, त्यात मुडदुसाचे प्रमाण घटल्याचे आढळले. तेथे कोणाला चपाती सोडावी लागली नाही.

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. वस्तीचे नाव घेतलेच नसते तर रोग दिसला असता काय? नसता. सरासरीच्या आकड्यांत ग्लासगोची ती मुले बुडून गेली असती. म्हणून समूहवाचक संज्ञा टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. संज्ञा पत्ता म्हणून वापरावी, निदान म्हणून वापरू नये, एवढेच म्हणणे आहे. पत्त्यावर पोहोचल्यानंतर घरात काय आहे, ते स्वतंत्रपणे पाहावे लागते.

घरात पाहावयाचे म्हणजे प्रश्न विचारावयाचे, आणि येथे भाषेचा दुसरा प्रश्न उभा राहतो. आहारसर्वेक्षणात गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले, हे विचारण्याची पद्धत रूढ आहे. मराठीत ‘काल काय जेवलात?’ असे विचारले तर चहा, बिस्किट, मूठभर चुरमुरे या गोष्टी उत्तरात येणार नाहीत, कारण ते ‘जेवण’ नव्हे. उपासाच्या दिवशी ‘काही खाल्ले नाही’ म्हणणाऱ्या बाईच्या पोटात साबुदाण्याची खिचडी व दाणे गेलेले असतात. ‘भाजी’ हा शब्द बाजारातील पाल्याला लागतो, तसाच ताटातील बटाट्यालाही लागतो. खेड्यातील ‘कालवण’ कधी मटणाचे, कधी नुसत्या डाळीचे. ‘संतुलित आहार मिळतो का?’ हा प्रश्न तर मजुराच्या भाषेत अस्तित्वातच नाही. त्याचा शब्द ‘पोटभर’ हा आहे, आणि पोटभर म्हणजे संतुलित नव्हे. अशा उत्तरांवरून तयार झालेला आकडा दशांश चिन्हापर्यंत अचूक दिसला, तरी त्याचा पाया शब्दाच्या गैरसमजावर असू शकतो. ही चूक उत्तर देणाऱ्याची नसते. तथापि ‘माहिती अविश्वसनीय’ हा शेरा बहुधा त्याच्याच खात्यावर मांडला जातो.

2016 साली ब्रिटनच्या पोषणविषयक शास्त्रीय सल्लागार समितीने ‘ड’ जीवनसत्त्वाचे दररोज 10 मायक्रोग्रॅम हे प्रमाण चार वर्षांवरील सर्वांसाठी सुचविले. तेथील शासकीय सल्ल्यात आता गडद त्वचेच्या व घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या व्यक्तींचा वेगळा उल्लेख असतो. वरवर पाहता हा शब्दांचा किरकोळ बदल वाटेल. वस्तुतः तो मोठा आहे. त्वचेचा रंग व उन्हाचा अभाव ही रोगाच्या घडणीतील खरी कडी आहेत. ‘आशियाई’ ही त्यांतील कडी कधीच नव्हती.

आपल्याकडेही ‘आदिवासींचे कुपोषण’, ‘झोपडपट्टीचा आहार’ यांसारखे शब्दप्रयोग प्रबंधांच्या शीर्षकांत सहज येऊन बसतात. ते वापरणाऱ्या संशोधकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : हे विशेषण काढून टाकले, तर कारण म्हणून माझ्या हाती काय उरते? धान्याचा भाव, पाण्याची दूरता, मजुरीचे तास, रेशनच्या दुकानाचे अंतर, यांपैकी काही उरत असेल, तर प्रबंध त्यावरच लिहावा. काहीच उरत नसेल, तर संशोधनास अजून प्रारंभ व्हावयाचा आहे, असे समजावे.