पार्श्वसंगीत, चित्रपटातील

चित्रपटातील दृश्यांना जोड म्हणून योजलेले, प्रेक्षकांना ऐकू येणारे परंतु पडद्यावरील पात्रांना सामान्यतः ऐकू न येणारे संगीत म्हणजे पार्श्वसंगीत. ते मुख्यतः वाद्यसंगीत असते. क्वचित त्यात कंठस्वराचाही उपयोग करतात. भारतात ‘चित्रपटसंगीत’ हा शब्द रूढ अर्थाने गीतांपुरताच वापरला जातो. आवडत्या चित्रपटाचे संगीत कोणते, असे विचारले असता रसिकांच्या ओठी येतात ती त्यातील गाणी. ज्या स्वरांनी एखादे दृश्य मनावर कायमचे ठसविले, त्यांचा कर्ता मात्र बहुधा अज्ञात राहतो. गीत चित्रपटाबाहेरही जगू शकते. पार्श्वसंगीताला असे स्वतंत्र आयुष्य क्वचितच लाभते. त्यामुळे त्याचे मूल्यमापन दृश्याशी असलेल्या त्याच्या नात्यावरूनच करावे लागते आणि ते कोठे वाजते याइतकाच, ते कोठे वाजत नाही, हाही त्या मूल्यमापनाचा भाग ठरतो.

मूकपटांच्या काळात चित्रपटगृहात पियानो वा लहानसा वाद्यवृंद वाजविला जाई. खास चित्रपटासाठी केलेल्या आरंभीच्या रचनांमध्ये फ्रेंच संगीतकार काम्यी सँ-साँस यांनी १९०८ मध्ये एका ऐतिहासिक मूकपटासाठी केलेल्या रचनेचा समावेश होतो. बोलपटाच्या आगमनानंतर आयझेनस्टाइन, पुडॉफकिन व अलेक्सांद्रॉव्ह या रशियन दिग्दर्शकांनी १९२८ च्या आपल्या निवेदनात असा इशारा दिला होता, की ध्वनी ही दृश्याची नुसती पुनरुक्ती होऊ नये. दृश्य व ध्वनी यांच्यात विरोधी सूर साधला जावा. हॉलिवुडने पुढील काही वर्षांत नेमकी उलट वाट चोखाळली. पात्र जिना उतरू लागले की स्वरही उतरू लागत, डोळ्यांत पाणी आले की व्हायोलिने रडू लागत. असे असले, तरी या पद्धतीच्या प्रवर्तकांपैकी मॅक्स स्टायनर यांच्या ‘किंग काँग’ (१९३३) मध्येही एक मार्मिक संयम आढळतो. श्रेयनामावलीनंतर शहरातील सर्व प्रसंग संगीताविना घडतात आणि जहाज धुक्यातून अज्ञात बेटाजवळ पोहोचते, तेव्हाच वाद्यवृंद हलकेच सुरू होतो. नित्याचे जग संपून अद्भुताचा प्रदेश लागला, हे प्रेक्षकाला प्रथम कानांनीच कळते.

बर्नार्ड हरमन यांनी ‘सायको’ (१९६०) या चित्रपटासाठी केवळ तंतुवाद्यांचा वृंद योजला. स्नानगृहातील हत्येचे दृश्य संगीताविना असावे, असा दिग्दर्शक ॲल्फ्रेड हिचकॉक यांचा मूळ विचार होता. हरमन यांची रचना ऐकल्यावर त्यांनी तो बदलला. व्हायोलिनच्या त्या कर्कश, वारंवार ओढल्या जाणाऱ्या स्वरांविना हे दृश्य आज कल्पिता येत नाही. परंतु याच दिग्दर्शकाने तीनच वर्षांनी ‘द बर्ड्‌स’ (१९६३) मध्ये रूढ पार्श्वसंगीत पूर्णतः वगळले आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यावर निर्माण केलेले पक्ष्यांचे चीत्कार व पंखांची फडफड यांवर भिस्त ठेवली. हरमन या चित्रपटाचे ध्वनिसल्लागार होते. संगीतकाराने स्वतः संगीत न देता चित्रपटाच्या ध्वनियोजनेत भाग घ्यावा, ही घटना चित्रपटाच्या इतिहासात लक्षणीय आहे.

मराठी चित्रपटसृष्टीत हा प्रयोग त्याहून पाव शतक आधी झाला होता, याची जाणीव फारशी आढळत नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’ (१९३७) या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली तरुणी त्या विवाहाचा स्वीकार करण्यास ठाम नकार देते. चित्रपटाचे संगीतदिग्दर्शक केशवराव भोळे हे नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकाचेही संगीतकार होते आणि वास्तववादी नाटकात गाण्याला जागा कोठे व किती, या प्रश्नाशी त्यांचा तेथेच सामना झालेला होता. ‘कुंकू’त त्यांनी या प्रश्नाचे जास्तीत जास्त कठोर उत्तर शोधले : जे ध्वनी कथेतील घरात उत्पन्न होऊ शकतात, तेवढेच प्रेक्षकाच्या कानी पडावेत. परिणामी वाड्यातील घड्याळाची टिकटिक, दारांचे आवाज, पावले यांना एरवी वाद्यवृंदाकडे असणारे काम करावे लागते. वृद्ध काकासाहेबांच्या (केशवराव दाते) दृष्टीने घड्याळ म्हणजे सरत चाललेले आयुष्य. ही प्रतिमा डोळ्यांपेक्षा कानांतून अधिक खोल उतरते. नायिकेच्या (शांता आपटे) निग्रहाला करुण स्वरांची साथ न मिळाल्यामुळे तिची कीव करण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही. तिच्या बाजूने वा विरुद्ध उभे राहणे त्याला भाग पडते. सामाजिक प्रश्नावरील बोलपट अश्रूंत बुडविण्याची जी प्रथा पुढे रूढ झाली, तिच्या तुलनेत या नकाराचे मोल विशेषच जाणवते. शांता आपटे यांनी म्हटलेली लाँगफेलो यांची इंग्रजी कविता मात्र कथेच्या ओघात काहीशी उपरी वाटते.

भोळे यांनीच संगीत दिलेल्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटात हेच तत्त्व निराळ्या रीतीने दिसते. तुकारामांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस यांचे गायन साधे, जवळजवळ बोलण्याच्या पातळीवरचे आहे. उलट त्यांची रचना आपली म्हणून मिरविणारा सालोमालो ती नाटकी हरकती व ताना घेऊन गातो. दोन गायनशैलींच्या या विरोधातून दोन स्वभाव उभे राहतात आणि दांभिकतेविषयी संवादांतून वेगळे काही सांगण्याची गरज पडत नाही. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद तर अनेकांनी तुकारामांचाच अभंग म्हणून स्वीकारले. संगीत व काव्य कथावस्तूशी किती एकजीव झाले होते, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याचे कारण नाही.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) चे संगीत रविशंकर यांनी दिले. ते वेळेअभावी एकाच बैठकीत, रात्रभर चाललेल्या ध्वनिमुद्रणात पार पडले; अपुरे राहिलेले काही तुकडे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सतारीवर वाजविले. या घाईचे व्रण चित्रपटावर नाहीत, असे म्हणता येणार नाही. एकदोन ठिकाणी सतार दृश्याच्या पुढे धावते. परंतु त्यातील एका दृश्याची योजना भारतीय पार्श्वसंगीताचा मानदंड ठरावी अशी आहे. दूरगावाहून परतलेला हरिहर मुलांसाठी आणलेल्या वस्तू एकेक करून काढतो आणि दुर्गेसाठी आणलेली साडी पत्नीच्या हाती देतो. दुर्गा मरण पावली आहे, हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया (करुणा बॅनर्जी) हंबरडा फोडते, पण तिचा आवाज ऐकू येत नाही; त्याजागी दक्षिणामोहन टागोर यांनी वाजविलेल्या तारशहनाईचे पटदीप रागातील तारस्वर येतात. येथे वाद्य शोकाची साथ करीत नाही. ते शोकाची जागाच घेते. मानवी रुदन जसेच्या तसे ऐकविले असते, तर ते असह्य तरी झाले असते वा नाटकी तरी. स्वराने ते रागाच्या शिस्तीत बांधले आणि त्यामुळे ते अधिकच भेदक झाले. पुढे विलायत खाँ (‘जलसाघर’, १९५८) व अली अकबर खाँ (‘देवी’, १९६०) यांच्याकडून संगीत घेतल्यानंतर राय यांनी ‘तीन कन्या’ (१९६१) पासून हे काम स्वतःकडे घेतले. श्रेष्ठ वादकाची प्रतिभा रागविस्ताराकडे ओढ घेते, तर चित्रपटाला काही सेकंदांचा नेमका तुकडा हवा असतो. ही अडचण खरी होती.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत पार्श्वसंगीताचा भार मोठ्या प्रमाणावर गोमंतकीय वादक व संगीत-संयोजकांनी वाहिला. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेल्या या कलावंतांमुळे मोठ्या वाद्यवृंदाचे लेखन व संचालन शक्य झाले. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी दीर्घकाळ संयोजन केले. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील एका गाण्यात गोन्साल्विस यांचे नाव आले ते शिष्याच्या कृतज्ञतेपोटी. लक्षावधी लोकांनी ते नाव गुणगुणले, पण ते कोणा हाडामांसाच्या माणसाचे आहे, हे त्यांच्यापैकी किती थोड्यांना माहीत होते! श्रेयनामावलीत या मंडळींना सहसा स्थान नसे. ‘शोले’ (१९७५) पाहिलेल्या प्रत्येकाला जयच्या माउथ ऑर्गनची धून आठवते. ती वाजविणाऱ्या भानु गुप्ता यांचे नाव जाणकारांपलीकडे गेले नाही. संगीतकार राहुल देव बर्मन यांची या चित्रपटातील योजना तिच्या लोकप्रियतेमुळे समीक्षकांनी दुर्लक्षिली. वास्तविक ती धून प्रथम जयच्या हातातील वाद्यावर ऐकू येते, राधेच्या दिवे मालविण्याच्या कृतीशी जोडली जाते आणि दोघांत संवाद जवळजवळ नसतानाही एक संपूर्ण कथा सांगते. ठाकुरच्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगी झोपाळ्याच्या कड्यांचे करकरणे ऐकू येते. ‘कुंकू’तील घड्याळाचे ते दूरचे आप्त होय.

मराठीत पार्श्वसंगीताचा स्वतंत्र विचार पुन्हा बळावला तो १९७० नंतर. पुण्याच्या चित्रपट संस्थेत संगीताचे अध्यापन केलेले भास्कर चंदावरकर यांनी ‘सामना’ (१९७४) या चित्रपटाला संगीत दिले आणि या विषयावर सातत्याने लेखनही केले. हृदयनाथ मंगेशकर यांनी ‘जैत रे जैत’ (१९७७) मध्ये ठाकर आदिवासींच्या कथेला ना. धों. महानोरांच्या गीतांतून निवेदकच पुरविला. तेथे गीत व पार्श्वसंगीत हा भेदच मावळतो. अजय-अतुल यांनी ‘सैराट’ (२०१६) च्या गीतांसाठी लॉस अँजेल्स येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. ग्रामीण प्रेमकथेला एवढा भव्य वाद्यमेळ शोभतो का, असा आक्षेप घेतला गेला. परंतु तो भरजरी स्वर त्या दोन मुलांच्या स्वप्नाचा आहे, हे लक्षात घेतल्यास आक्षेप टिकत नाही. उत्तरार्धात स्वप्न विरते तसे संगीतही विरळ होत जाते. अखेरच्या दृश्यात घरात घडलेले आई-बापांचे हत्याकांड पाहून लहान मूल रडत दाराबाहेर चालू लागते. त्याची पावले रक्ताने माखलेली आहेत. मुलाचे रडणे दिसते, पण चित्रपटगृहात कोणताही ध्वनी ऐकू येत नाही.