बोलता बाहुला आणि मुका संसार

शब्दभ्रमकाराचा बाहुला बोलतो तो आवाज कोणाचा, हे ठाऊक असूनही आपण बाहुल्याकडेच पाहतो. यशवंत केशव पाध्ये यांच्या अर्धवटरावाने हा गोड भ्रम महाराष्ट्रास दाखविला. त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या बोलपटासाठी तात्या विंचू घडविला, तेव्हा त्या भ्रमास भयाची जोड मिळाली.

मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटाची. तेथे बाहुला एका बालकाच्या हाती येतो. येथे तो बाहुल्या बोलविणाऱ्या लक्ष्याच्या हाती पडतो. हा फेरफार आम्हांस मार्मिक वाटतो. बाहुला खरोखरच बोलू लागला, हे अशा माणसाने सांगितले तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? त्याची कलाच त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

परंतु मूळ कथेतील एक धागा मराठीत गळाला. तेथे दुकानातील किंमत परवडत नाही, म्हणून आई फेरीवाल्याकडून स्वस्तात बाहुला घेते. संकटास दार उघडते ते दारिद्र्य. आमच्या भातकुलीसारख्या गावच्या मुलांस मंत्रापेक्षा ही ओढाताण अधिक ओळखीची आहे. ती राहिली असती, तर भयास करुणेचा आधार मिळाला असता. आहे त्या रूपात हसू पुष्कळ येते. मन मात्र हलत नाही.