जुना गेम, त्याच्या खोडींसकट

ब्लिझार्ड कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये 'स्टारक्राफ्ट' नव्या रूपात आणला, तेव्हा त्यात एक साधी सोय ठेवली. खेळता खेळता एफ-५ दाबलं की चकचकीत चित्र नाहीसं होतं आणि १९९८ सालचं दाणेदार चित्र पडद्यावर येतं. परत दाबा, परत नवं. लढाई थांबत नाही, सैनिकांची जागा तसूभर हलत नाही. रंगरंगोटी तेवढी नवी आहे, आतलं यंत्र जुनंच.

जुन्या स्ट्रॅटेजी गेमचा रिमेक जाहीर झाला की चाहत्यांच्या आनंदाला लगेच धास्तीची किनार लागते. बाहेरच्या माणसाला तो निव्वळ हट्टीपणा वाटतो. चित्रं सुधारा पण ओळख बदलू नका, सोयी द्या पण सोपं करू नका, असल्या मागण्या ऐकून बनवणारेही वैतागत असतील. मला मात्र ही धास्ती रास्त वाटते. कथाप्रधान गेम एकदा संपवला की त्याची आठवण उरते. स्ट्रॅटेजी गेम संपतच नाही. माणसं तो वीस-पंचवीस वर्षं एकमेकांविरुद्ध खेळत राहतात आणि तेवढ्या काळात त्याच्या उणिवाच नियम होऊन बसतात.

'स्टारक्राफ्ट'मध्ये एका वेळी फक्त बारा सैनिक निवडता येतात. ड्रॅगून नावाचं यंत्र वाट शोधताना वेंधळ्यासारखं अडखळतं. उडणाऱ्या म्युटालिस्कांच्या गटात दूरचा एखादा प्राणी जोडून घेतला की सगळ्या म्युटालिस्क एकाच बिंदूवर गोळा होतात आणि समोरच्याला त्यातली एकेक टिपणं अवघड जातं. ही शेवटची गोष्ट सरळसरळ प्रोग्रॅममधली त्रुटी. पण कोरियातल्या व्यावसायिक खेळाडूंनी तिच्यावर अख्खी रणनीती उभारली. बुद्धिबळात घोडा अडीच घरंच का जातो, अशी तक्रार घेऊन कोणी बसत नाही, तसंच हे. रिमेक करणाऱ्यांनी यातल्या एकाही खोडीला हात लावला नाही. काहींना तो आळस वाटला. माझ्या मते तो त्या कामातला सगळ्यात जाणता निर्णय होता.

त्याच कंपनीने 'वॉरक्राफ्ट ३'च्या बाबतीत नेमकं उलट केलं, हे मला आजही कोडं वाटतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'रिफोर्ज्ड'ची घोषणा झाली. सुरुवातीला दाखवलेल्या नमुन्यात स्ट्रॅथोम शहराच्या कत्तलीआधीचा प्रसंग सिनेमासारख्या कॅमेऱ्याने रंगवला होता. लोकांनी आगाऊ पैसे मोजले. जानेवारी २०२० मध्ये गेम हातात पडला, तेव्हा त्या प्रसंगातला कॅमेरा पुन्हा लांबून, वरून बघत होता. नवी चित्रं तपशिलांनी इतकी भरगच्च होती की गर्दीत कोणता सैनिक आपला आणि कोणता परका, हे ओळखायला डोळे ताणावे लागत. स्ट्रॅटेजी गेममध्ये चित्राचं पहिलं काम वाचता येणं हे असतं. सौंदर्य त्यानंतर. हे ज्याला कळत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

तरी खरा संताप चित्रांवरून नव्हता. ज्यांनी २००२ पासून जुना गेम जपून ठेवला होता, त्यांनाही ऑनलाइन खेळायला नवा अपडेट घ्यावा लागला, आणि त्या नव्या घरात क्रमवारीच्या लढती नव्हत्या, क्लॅन नव्हते, खेळाडूंनी रचलेल्या मोहिमांची सोयही गायब होती. भरीला लोकांनी बनवलेल्या नकाशांवरचा हक्क कंपनीने आपल्याकडे घेणारी अट. 'डोटा' हा प्रकार 'वॉरक्राफ्ट ३'च्या अशाच हौशी नकाशातून जन्मला आणि पुढे दुसऱ्याच कंपनीकडे जाऊन मोठा झाला. ते शल्य या अटीत दिसतं. पैसे परत देण्याची वेळ आली. पुढे नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटने बरीच डागडुजी केली. पण रिमेक वाईट निघणं वेगळं आणि त्याने मूळ कृती गिळणं वेगळं, आणि चाहत्यांच्या मनातली भीती या दुसऱ्या प्रकाराची असते.

'एज ऑफ एम्पायर्स २'चं नशीब चांगलं. आपल्याकडे सायबर कॅफेंत आणि इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत लॅनच्या वायरी ओढून रात्र रात्र जो गेम चालायचा, तो हाच. मूळ गेम १९९९ चा, टेक्सासच्या एन्सेम्बल स्टुडिओजचा. हा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये बंद केला. पोरका झालेला गेम जगवला चाहत्यांनी. 'फरगॉटन एम्पायर्स' हा मुळात हौशी मंडळींचा मॉड. २०१३ मध्ये तो अधिकृत विस्तार म्हणून विकला गेला, आणि २०१९ ची 'डेफिनिटिव्ह एडिशन' घडवण्यात तीच मंडळी आघाडीवर होती. ज्यांच्या हातांना गेमची प्रत्येक खोड माहीत, त्यांच्याकडे किल्ल्या गेल्या, आणि ते आवृत्तीत जाणवतं.

वाद त्यांनाही चुकले नाहीत. मूळ गेममध्ये शेताचं पीक संपलं की ते पुन्हा पेरायची आठवण खेळाडूने ठेवायची असे. लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत गावाकडे लक्ष ठेवणं हेच मुरलेल्या खेळाडूचं लक्षण मानलं जाई. नव्या आवृत्तीत शेत आपोआप पेरलं जातं. जुने खेळाडू कुरकुरले. मी त्यांच्या बाजूचा नाही. पेरणीच्या क्लिकमध्ये निर्णय नव्हता, नुसती हमाली होती. २०२२ मध्ये जर्मनीच्या हायडेलबर्ग किल्ल्यात याच गेमची मोठी स्पर्धा रंगली, तेव्हा शेतं आपोआप पेरली जात होती म्हणून कोणाचं कसब कमी दिसलं नाही.

हमाली आणि निर्णय यांतला हा फरक 'एज ऑफ मिथॉलॉजी: रीटोल्ड'ला पुरता साधला नाही. २००२ च्या मूळ गेममध्ये देवाची शक्ती एका डावात एकदाच वापरता येई. वीज आत्ता पाडायची की राखून ठेवायची, या घालमेलीत अर्धा खेळ होता. २०२४ च्या रिमेकमध्ये तीच शक्ती देवकृपा खर्चून पुन्हा वापरता येते, दर वेळी जास्त मोल देऊन. हिशेबाला हे चोख आहे, आणि नवख्यांना सुखाचं. पण जपून ठेवलेला हुकमाचा पत्ता इथे महागडं दुकान झाला.

एप्रिल २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' विस्ताराने 'एज ऑफ एम्पायर्स २'मधली 'इंडियन्स' ही सरसकट जमात मोडून हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा संस्कृती केल्या. तट फोडायला ओंडक्याच्या गाड्याऐवजी चिलखती हत्ती आले. गुर्जरांना मेंढ्या कापण्याऐवजी गिरणीत ठेवून त्यांच्यापासून अन्न मिळवता येतं. देवगिरीचे यादव स्वतंत्रपणे अवतरले नाहीत, याची मराठी खेळाडूला चुटपुट लागणारच. तरी अभ्यास करून केलेलं काम असं असतं. उलट मे २०२५ मध्ये चीनमधली तिसऱ्या शतकातली तीन राज्यं या मध्ययुगीन गेममध्ये घुसवली गेली, तेव्हा चाहते भडकले ते काळाचं भान सुटलं म्हणून. 'अंतिम' म्हणवणारी आवृत्ती थांबतच नाही, ही नवी काळजी. जुना गेम निदान एका जागी स्थिर तरी होता.

सगळंच जपा, असं माझं म्हणणं नाही. १९९४ च्या 'एक्स-कॉम'वरून फिराक्सिसने २०१२ मध्ये 'एक्सकॉम: एनिमी अननोन' केला, तेव्हा सैनिकाच्या चालींचे बारीकसारीक गुण मोजणं काढून टाकून प्रत्येकाला दोन कृती दिल्या. जुने भक्त हळहळले, पण गेम स्वतःच्या पायावर उभा राहिला, कारण त्याने मूळ असल्याचा आव आणला नाही आणि मूळ कोणाच्या हातून काढूनही घेतला नाही. याउलट 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३'ची २०१५ ची एचडी आवृत्ती दोन्ही विस्तारांवाचून आली, कारण त्यांचा सोर्स कोडच हाती नव्हता. चाहत्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि आपल्याच 'हॉर्न ऑफ द अबिस' या मॉडमध्ये रमले.

'कमांड अँड कॉन्कर'च्या २०२० च्या रिमास्टरने हा धडा गिरवला. काम मूळ गेम बनवणाऱ्या वेस्टवुडच्या जुन्या माणसांनी काढलेल्या पेट्रोग्लिफकडे गेलं, मूळ संगीतकार फ्रँक क्लेपॅकीने आपलं संगीत पुन्हा वाजवलं, पडद्याच्या कडेच्या पट्टीची मांडणी चाहत्यांच्या मंडळाशी बोलून ठरली, आणि गेमच्या मूळ तर्काचा कोड खुला केला गेला. याच मालिकेतल्या 'जनरल्स'च्या वाट्याला मात्र असा रिमास्टर आलेला नाही. त्याऐवजी फेब्रुवारी २०२५ मध्ये मालक कंपनी ईएने त्याचा सोर्स कोडच मुक्त परवान्याखाली देऊन टाकला. हौशी प्रोग्रॅमरांनी लगेच कामाला हात घातला आहे. कोणती खोड काढायची आणि कोणती ठेवायची, यावरून त्यांच्यातही भांडणं होणार. ती भांडणं निदान तो गेम खेळणाऱ्यांची असतील.